शिसपेन्सिल आणि माझी शिंक

हे कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं मी. पण आता चहा आलाय, दारही लोटलंय, तर ऐका माझी फजिती!

मी धामणगाव बढ्याच्या शाळेत मॅडम. वय पन्नास. शिंक आली की... कसं सांगू बाई... थोडी लघवी निसटायची. हसले तरी तेच! म्हणून वर्गात कोणी विनोद केला की मी आधी त्यालाच रागवायची. पोरं म्हणत, मॅडम लई खडूस!

एक दिवस पेपरात वाचलं, की अंगात शिसं साचल्यानं लघवीवरचा ताबा सुटतो का, यावर संशोधन चाललंय. आणि वाचताना माझ्या तोंडात काय होतं? शिसपेन्सिल! लहानपणापासूनची चघळायची सवय. किती किलो शिसं गेलं असेल पोटात?

झालं! घरातल्या सगळ्या पेन्सिली मी पिशवीत कोंबल्या.

"अवं, मी शब्दकोडं सोडवून राह्यलो ना! पेन्सिल काऊन नेते?" आमचे हे ओरडले.

"तुमाले मले मारायचं हाय काय?"

ते पेन शोधू लागले. पण मला संशय आलाच. दिवाळीत पेन्सिलींचा डबा आणला कोणी? यांनीच! मुद्दाम तर नाही?

शाळेत सहावीच्या पोरांच्याही पेन्सिली जप्त केल्या. हेडमास्तर धावत आले. "मॅडम, भूमितीच्या आकृत्या काय पेनानं काढायच्या?"

"सर, आकृती मोठी का जीव मोठा?"

शेवटी मलकापूरच्या लेडी डॉक्टरकडे गेले. टेबलावर पिशवीच ओतली. "हे चघळून चघळून माझी लघवी थांबेना. रक्तातलं शिसं तपासा."

बाईंनी सगळं विचारलं, तपासलं. "अहो, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेत तुमचे. या वयात होतं. व्यायाम सांगते. आणि पेन्सिलीत शिसं नसतंच. ग्राफाइट असतं."

"मंग तिले शिसपेन्सिल काऊन म्हणतात?"

"जुनं नाव आहे ते. शाळेत असतं की हे! तुम्ही कोणता विषय शिकवता?"

मी घाईघाईनं म्हटलं, "मराठी."

बाजूला नर्स माझा कागद लिहीत होती. तिनं मान वर केली.

"मॅडम, मले ओळखलं नाही काय? नववीत तुम्हीच तर विज्ञान शिकवलं आम्हाले! ग्राफाइटचा धडा येत नव्हता, तर दहादा लिहायले लावला होता. पेन्सिलीनं!"