सतरा नंबरचा जोड

वासुदेव परबविषयी लिहायचे, तर पहिले वाक्य त्याच्या गुणांचे असायला हवे होते. ते मला जमत नाही. सात वर्षांपूर्वी मी त्याच्याशी खोटे बोललो आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवूनच तो गेला... हे आधी सांगितल्याशिवाय त्याच्या कौतुकाचा एकही शब्द लिहिण्याचा अधिकार मला नाही.

सव्वा महिन्यापूर्वी एका सकाळी कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने बातमी दिली. “साहेब, स्टोअरमधले परब गेले. छातीत दुखलं म्हणे.” वय अवघे बावन्न. ‘स्टोअरमधले परब’ हे शब्द मला बातमीइतकेच लागले. वासू स्टोअरमधला नव्हताच. मुलुंडच्या आमच्या त्या कारखान्यात, जिथे जाड पोलादी प्लेटा जोडून दाबाच्या टाक्या बनतात, त्याच्या तोडीचा वेल्डर दुसरा नव्हता. त्याला स्टोअरमध्ये बसवले ते माझ्या मौनाने.

आम्ही दोघे एकाच दिवशी शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. तो मालवणकडचा, घाटकोपरच्या भटवाडीत राहणारा, मी मुलुंडचा. पुढे परीक्षा देत देत मी तपासनीस झालो, तो वेल्डरच राहिला, आणि चारचौघांत मला मुद्दाम लांबवून “साऽहेब” म्हणू लागला. एकटा भेटला की मात्र “काय रे भाल्या, आज किती जोड नापास केलेस?” प्रत्येक वेल्डरला नंबराचा एक ठसा मिळतो, जोड पूर्ण झाला की त्याच्या शेजारी तो हातोडीने उमटवायचा. वासूचा नंबर सतरा. ठसा मारण्याआधी तो फडक्याने ती जागा पुसून घेई, देवघरातला पाट पुसावा तशी. आणि जोड सुरू करण्याआधी प्लेट तापवून तिच्यावर बोटांनी पाणी शिंपडे. थेंब चर्र करून उडाला, तरच हातात रॉड. तापमान पाहण्याचे खडू आम्ही त्याला देत असू, ते तो खिशात ठेवून देई. “खडू खोटा बोलात, पाणी नाय बोलूचा.”

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षीचा मे महिना. वासूचे दोन्ही भाऊ गिरणीत होते; तेव्हा सगळे घर एकट्या वासूच्या हातावर चालले होते. एका टाकीची घाई होती, आणि प्लेट तापवायची गॅसची सिलिंडरे आली नव्हती. प्लेटा उघड्या आवारात दिवसभर उन्हात पडून इतक्या तापल्या होत्या की हात टेकवत नव्हता. मी म्हणालो, “वासू, आणखी काय तापवायचं? सूर्याने तापवून दिलीय.” त्याने पाणी शिंपडले. थेंब तसाच बसून राहिला, मग हळूहळू सुकला.

“भाल्या, हो उन्हाचो ताप. वरवरचो. लोखंडाच्या पोटात शिरूक होयो.”

“मी सांगतोय ना? कर सुरू.”

त्याने रॉड हातात घेतला. मग म्हणाला, “बरा, साहेब.” त्या दिवशी ‘साहेब’ लांबवले नव्हते.

चौथ्या दिवशी चाचणीसाठी टाकीत दाबाने पाणी भरले, तेव्हा जोडालगत पाण्याच्या बारीक थेंबांची ओळ उमटली. त्या जागेचा तुकडा कापून, घासून, आम्लात बुडवून मी एकट्याने पाहिला. असा तुकडा फार प्रामाणिक असतो. मध्ये वितळून गोठलेला जोड दिसतो, कडेला मूळची प्लेट, आणि दोहोंच्या मधोमध एक अरुंद काळसर पट्टा. हा पट्टा वितळलेला नसतो, पण शेजारच्या आगीने आतून बदललेला असतो. प्लेट पुरेशी तापवलेली नसेल, तर तिचे थंड अंग ती आग क्षणात शोषून घेते आणि पट्टा काचेसारखा कडक, ठिसूळ होतो; तडा एकदोन दिवसांनी, गुपचूप जातो. वासूचा जोड निर्दोष होता. तडा त्या पट्ट्यात होता. म्हणजे माझ्या शब्दात होता.

व्यवस्थापकांनी विचारले, “वेल्डरचीच चूक ना?” मी मान खाली घातली. एवढे पुरले. पण बाहेर वासू उभा होता. “तुकडो काय सांगता रे?” त्याने विचारले. तिथे तरी मी खरे बोलू शकलो असतो...

“जोडातच पोकळी होती, वासू.”

तो भांडला नाही. उन्हाच्या प्लेटची आठवणसुद्धा त्याने करून दिली नाही. तुकड्याहून आणि माझ्याहून मोठा साक्षीदार त्याच्या लेखी नव्हता. त्याने फक्त आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याचा ठसा काढून घेतला गेला. पुढची सात वर्षे तो स्टोअरमध्ये बसून इतरांना रॉड देत राहिला. भट्टीत शेकलेले रॉड तो गरम असतानाच कागदात गुंडाळून हातात ठेवी आणि म्हणे, “गार होऊ देऊ नको.” मी समोरून गेलो की आपणहून हसे. ते हसू चुकवण्यासाठी मी दुसऱ्या दाराने जाऊ लागलो. तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात होता. फेकवत नव्हता, दाखवतही नव्हता.

गेल्या रविवारी तो खिशात घालून भटवाडीला गेलो. वासूची पत्नी, शालिनीवहिनी, घरी एकट्याच होत्या. “बसा भाऊजी, चाय ठेवतंय,” म्हणून त्या आत वळल्या आणि माझी नजर खिडकीच्या जाळीकडे गेली. जाळीचा एक गज सुटला होता आणि तांब्याच्या तारेने बांधून ठेवला होता. वेल्डरच्या घरात! चहा ठेवून बाहेर आलेल्या वहिनींच्या ते लक्षात आले. “किती वर्षां सांगत होतंय, दोन मिनटांचा काम तुमचा. तर म्हणायचे, माझ्या हाताचो भरवसो नाय, पोरांच्या अंगार पडात.” तार अगदी निगुतीने गुंडाळलेली होती. प्रत्येक वेढा शेजारच्याला चिकटून, जसे त्याचे जोड असत.

मी तुकडा वहिनींच्या तळहातावर ठेवला. जोड दाखवला, पट्टा दाखवला, तडा दाखवला. उन्हातली प्लेट आणि तिच्यावर बसून राहिलेला थेंबही सांगितला. तुकड्याच्या कडेला सतराचा ठसा होता. त्यावरून त्यांचे बोट पुन्हा पुन्हा फिरत होते.

“म्हणजे... हात बरोबर होतो त्येंचो?”

“हो, वहिनी. शेवटपर्यंत.”

आत चहा उतू गेल्याचा वास आला. कोणीच उठले नाही. भिंतीवरच्या तसबिरीत वासू नेहमीसारखा हसत होता, आणि या वेळी मला दुसरे दार नव्हते. मी उभा राहिलो, हात जोडले आणि सात वर्षे न बोललेले मोठ्याने बोललो,

“वासू, तुझा जोड शाबूत होता. मी खोटं बोललो. माझं चुकलं रे... मला माफ कर.”