उलटे बाण

आमच्या ह्यांना उलटी गोष्ट बघवत नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नागोरावांनी आयुष्य तपासणीत काढलं. पट्ट्यातली काडतुसं एका तोंडाची हवीत, एक जरी फिरलेलं दिसलं की सगळा माल परत. निवृत्त झाले, पण सवय सुटते होय? दारातली चप्पल सरळ कर, डब्याचं झाकण सरळ कर. घरात वाकडी राहिले ती मी एकटी, कारण मला हात लावायची ह्यांची हिंमत नाही.

आमची लेक स्पृहा माशांवर पीएचडी करते. मासे खायचे सोडून त्यांच्या अँटिबॉडी बघते. अँटिबॉडी म्हणजे रोगाशी लढायचं शरीरातलं हत्यार, हे कळल्यावर ह्यांची छाती फुगली. "म्हणजे आपलंच खातं की!"

मला तिनं माझ्या भाषेत सांगितलं. हे हत्यार घडवणाऱ्या जनुकांचे तुकडे असतात. त्यातल्या हलक्या साखळीचे, म्हणजे हत्याराच्या लहान भागाचे, तुकडे माणसात साधारण जातवारीनं वेगळे रचलेले. हाडं असलेल्या माशांत मात्र बाजारात वाटे लावतात तसं, प्रत्येक वाट्यात सगळं थोडं थोडं. त्यातले काही तुकडे चक्क उलट्या तोंडाचे! शरीर ते फिरवून जोडून घेतं. तिच्या माशात तिला असेच तीन सापडले होते.

त्याचं पोस्टर परिषदेत लावायचं होतं. हैदराबादच्या एक मॅडम बघायला येणार होत्या. त्यांना काम पटलं तरच त्या स्पृहाला आपल्या प्रयोगशाळेत घेणार. पोरगी रात्रंदिवस तयारीत बुडालेली. आणि छपाईला तिनं पाठवलं कुणाला? ह्यांना!

पोपट फ्लेक्सवाल्याचा हात वाढदिवसांवर बसलेला. त्यानं विचारलं, "काका, खाली शुभेच्छुक कोण टाकू?" ह्यांचं लक्षच नव्हतं. पडद्यावर बाणांची रांग, एकेक बाण म्हणजे एकेक तुकडा, आणि तीन बाण उलटे! पोरीची चूक चारचौघांत जाणार म्हणून ह्यांनी तिन्ही सरळ करून घेतले. घरी येऊन वर मलाच ऐकवलं, "आज वाचवली तिला."

सकाळी स्पृहानं पोस्टर उलगडलं आणि किंचाळलीच. "बाबा, ते उलटे बाण हेच तर माझं काम होतं!" ढसाढसा रडली हो पोर. ह्यांचा चेहरा असा उतरला की मला बोलवेना. तरी दोन शब्द सुनावलेच.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. ह्यांनी रंगीत कागदाचे तीन बाण कापले, छापलेल्यांवर उलटे चिकटवले आणि तिच्याबरोबर रिक्षात बसले. मीही बसले. ह्यांना एकटं सोडायची माझी तयारी नव्हती.

परिषदेत पोस्टरसमोर मॅडमनी चष्मा वर केला. "हे चिकटवलेले बाण उलटे लागलेत का?"

स्पृहाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत हे सावधानमध्ये उभे. "नाही मॅडम, उलटेच बरोबर आहेत. काल सरळ झाले, ती चूक माझी. आज प्रत्येक बाण मी स्वतः तपासलाय."

मॅडम खो-खो हसल्या. "बरं. आता पुरावा दाखव बाळ." मग जी स्पृहा सुटली! तिथले लोक चहा सोडून ऐकायला आले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सामान बांधायला घे. बाबांना मात्र इथेच ठेव."

घरी आलो. स्पृहानं आनंदात चपला भिरकावल्या, त्यातली एक उलटी पडली. सवयीनं हे वाकले, हात पुढे केला, आणि तसेच थांबले.

"स्पृहा," आतल्या खोलीकडे बघत ह्यांनी विचारलं, "ही अशीच ठेवायची आहे का गं?"