आयच्या लग्नातला माईक

"आजपर्यंत ही माणसं लग्नाशिवाय, जनावरांसारखी राहत होती. आज आपण त्यांना माणसांत आणतोय."

आमच्या संस्थेच्या मॅडम स्टेजवरून बोलल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंबईचे देणगीदार होते ते. खाली मांडवात सामूहिक लग्नाला बसलेल्या नवरा-नवरींच्या रांगा. पहिल्याच रांगेत, हळद लावून, नवं लुगडं नेसून माझी आय. शेजारी बा.

मॅडमनी माईक माझ्या हातात दिला. "आता हे त्यांना त्यांच्या बोलीत सांग."

मी त्यांच्या संस्थेची कार्यकर्ती. कातकऱ्याची पोर, समाजकार्य शिकलेली. आमच्या लोकांत शिरायला त्यांना मी हवी होते. ह्याच मॅडम आम्हाला ट्रेनिंग द्यायच्या. वेगळ्या संस्कृतीच्या माणसाकडं जाताना आपला मोठेपणा दाराबाहेर ठेवा म्हणायच्या. वा रे वा! स्वतः आमच्या एकाही झोपडीत कधी पाय ठेवला नाही.

आमच्यात दोघं एकमेकांना पसंत पडली की एकत्र राहतात. वाडीला कळतं, वाडी मानते. लग्नाचं जेवण जमेल तेव्हा. आय-बाला ते जमलंच नाही. चौलच्या बागांत मजुरी, मग वीटभट्टी, आम्ही भावंडं, बाचं दुखणं. राहूनच गेलं. पण एकदा अंगाला हळद लागावी ही आयची हौस. म्हणून आली ती. नटून आली, खुशीत आली. पाप धुवायला नव्हती आली.

आणि मी तिला काय सांगू? आये, तू जनावर होतीस? मग मी कोण? जनावराचं पिल्लू?

डोकं सणकलं माझं.

"बोल ना गं," मॅडम कुजबुजल्या. "पाहुणे थांबलेत."

बोलले. मराठीतच बोलले, पाहुण्यांनाही कळू दे म्हणून.

"ही पुढं बसलीय ती माझी आय हाय. मॅडम म्हणतात ती जनावरासारखी राहिली. आये, उठ. घरी चल."

आय उठली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं.

"मी कशाला उठू? लगीन माझं हाय. तिला उतरव खाली."

बा हसला. मागच्या नवऱ्याही ओरडायला लागल्या. "उतरव! उतरव तिला!"

मी वळले. "मॅडम, खाली उतरा."

उतरल्या. उपकाराची जाणीव नाही, असं पुटपुटत उतरल्या. मग आमच्याच म्हाताऱ्यांनी लग्नं लावली आणि आयनं बाच्या गळ्यात माळ घातली.

नोकरी गेली. गेली तर गेली, मसणात जावो. काम मात्र मी सोडलेलं नाही. अजूनही वाडीवर नवनव्या संस्था येतात, गाड्या घेऊन, आमचं भलं करायला. मी त्यांना वाटेतच अडवते. आधी खाली बसायचं. आमचं ऐकायचं. काय हवं, काय नको, ते आम्ही सांगू. जमत नसेल तर गाडी तिथूनच वळवायची. आणि कुणी नाहीच वळवली, तर अख्खी वाडी रस्त्यावर बसेल. सगळ्यात पुढं मी.