जिताडावाल्या मावशी

मासा विकत घ्यायचा असो वा नसो, मावशी आधी त्याचा कल्ला उचलून बघायच्या. अंगठ्याने पाठीवर दाबायच्या, बोट काढल्यावर खळगा भरून येतो का ते पाहायच्या, आणि मग माशाच्या डोळ्यांत अशा काही रोखून बघायच्या की बिचारा जिवंत असता तर खरं काय ते सांगून मोकळा झाला असता.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका चौकशीच्या वेळी. मेलबर्नमधल्या आमच्या ट्रुगानिना उपनगरापासून गाडीने वीस मिनिटांवर एका व्हिएतनामी माणसाचं मासळीचं दुकान आहे. काउंटरवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, हात लावू नये. मावशींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यांनी ते मनावर घेतलं असतं असं मला वाटत नाही. दुकानदार ओरडला. मावशींनी त्याच्याकडे न बघताच दोन मासे बाजूला सारले आणि तिसऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने तो उचलून तराजूवर ठेवला. नंतर मला म्हणाला, ते दोन कालचे आहेत, पण त्यांना कसं कळलं?

मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या संदेशची आई. पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातल्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आल्या होत्या. संदेश ॲडलेडला शिकायला आला, मग मेलबर्नला नोकरी लागली, घर झालं. त्याची बायको ऋचा शाकाहारी, त्यामुळे त्या घरात मासा शिजत नसे. मी पुण्याची, बांगडा आणि पापलेट यापलीकडे माझी ओळख नाही. पण माझ्याकडे मागच्या अंगणात गॅसची शेगडी होती, आणि मावशींना तेवढं पुरे होतं. दर शनिवारी त्या कुंपणावरून हाक मारायच्या, "बाय, शेगडी मोकली हाय का?"

त्यांची बोली मला जशीच्या तशी लिहिता येत नाही. जे चार शब्द कानात राहिलेत तेवढेच इथे देते.

त्या दिवशी दुकानात त्यांनी निवडलेला मासा म्हणजे बारामंडी. ऑस्ट्रेलियात ज्याचं एवढं कौतुक, तो मासा. मावशी बघताक्षणी म्हणाल्या, ह्यो त जिताडा. मी नाव सांगितल्यावर हसल्या. म्हणाल्या, नाव तरी काय ठेवलंय, बारा मंडया फिरून आल्यासारखं.

तर आता आमच्या एका सफरीबद्दल. संदेशच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी आम्ही दोन जोडपी उत्तरेकडे एका फिशिंग लॉजला जाणार होतो. तिथे रस्ता जात नाही. डार्विनहून लहान विमानाने तासभर उडायचं, लाल मातीच्या पट्टीवर उतरायचं, आणि तीन दिवस नदीत गळ टाकायचे. बुकिंग आठ महिने आधी झालेलं. निघायच्या आठवड्यात संदेशच्या मुलीला कांजिण्या आल्या. ऋचा म्हणाली, मी थांबते, तुम्ही आईंना घेऊन जा.

संदेशचा चेहरा पडला. त्याने उन्हाचं, डासांचं, मगरींचं कारण काढलं. मावशी भाजी निवडत ऐकत होत्या. सगळी कारणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की तिथे मिठाचं पाणी की गोडं. दोन्ही मिसळतं म्हटल्यावर म्हणाल्या, मग जिताडा असणारच, चला.

डार्विनला विमानात चढण्याआधी माणसांचं वजन करतात. काट्यावर उभं राहायचं, हातातल्या पिशवीसकट. मावशींनी साडीवर ऋचाची टोपी आणि पायांत नातीच्या शाळेच्या दुकानातून आणलेले पांढरे बूट घातले होते. काट्यावर चढल्या, आकडा बघितला आणि मला म्हणाल्या, तीस वर्षं मी तोलत होते, आज मला तोललं. संदेश झटकन पुढे झाला आणि बोर्डिंगचं काहीतरी बोलू लागला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

लॉज म्हणजे नदीपासून थोड्या उंचीवर पाच-सहा लाकडी खोल्या, जाळीच्या भिंती आणि मधोमध पत्र्याखाली लांबलचक जेवणाचं टेबल. फोनला रेंज नाही. संदेश आणि माझा नवरा अमित एका खोलीत, मी आणि मावशी दुसऱ्या. आमचा गाईड क्रेग म्हणून होता, पन्नाशीचा, उन्हाने तांबडा झालेला, कमी बोलणारा. स्वयंपाकाला जॅकी नावाची बाई. आमच्याशिवाय मेलबर्नचेच चार निवृत्त पुरुष होते, दरवर्षी येणारे.

पहिल्याच सकाळी बोट मधोमध गेल्यावर मावशींनी सवयीने बाहेर वाकून पाण्यात हात धुतला. क्रेगने त्यांचा दंड धरून असं मागे ओढलं की टोपी उडाली. मावशींनी मला विचारलं, याला काय झालं? मी सांगितलं, मावशी, पाण्यात मगरी आहेत. त्यांनी चिखलाच्या काठाकडे नीट पाहिलं. तिथे ओंडक्यासारखं जे पडलं होतं त्याने तेवढ्यात डोळा उघडला. मावशी लाइफ जॅकेट ठीकठाक करत म्हणाल्या, "मग पयलं सांगायचं ना."

त्यानंतर क्रेगने प्रत्येक गोष्ट त्यांना आधी सांगायला सुरुवात केली, इंग्रजीतून आणि हातवारे करून. त्या माझ्याकडे वळून म्हणायच्या, "सगला सांग." थोडक्यात सांगितलेलं त्यांना चालत नसे. क्रेग दहा वाक्यं बोलला आणि मी दोन सांगितली की त्या बोटं मोजून दाखवायच्या.

गळाची काठी त्यांना जमेना. फिरकी उलटी फिरायची. शेवटी त्यांनी काठी खाली ठेवली आणि हाताने दोरी सोडायची खूण केली. क्रेगने एका डब्यातून साध्या दोरीचं रीळ काढून दिलं, हातात घालायला मोजे दिले. मावशींनी उजव्या हाताचा मोजा काढून टाकला. दोरी तर्जनीवर घेतली आणि डोळे मिटून बसल्या. अमितला वाटलं, झोपल्या.

अर्ध्या तासाने त्या उठून उभ्या राहिल्या. दोरी ताणली गेली, बोट कलली, आणि लांबवर एक मासा पाण्याबाहेर उडाला. चांदीचा पत्रा कुणी उन्हात हलवावा तसा. संदेश मदतीला धावला, तर त्यांनी कोपराने बाजूला केलं. ओढायचं, सोडायचं, परत ओढायचं. तोंडाने त्या माशाशी काहीतरी पुटपुटत होत्या. जाळ्यात आला तेव्हा माझ्या कमरेएवढा भरला.

क्रेगने टोपी काढली. मग जरा अवघडून म्हणाला की एवढा मोठा मासा इथे ठेवत नाहीत, सोडून देतात. मला वाटलं, आता ठिणगी पडणार. मावशी म्हणाल्या, का ते विचार. क्रेग म्हणाला, हे मासे जन्मतात तेव्हा नर असतात, वाढत वाढत माद्या होतात. एवढी मोठी असते ती बाईच, पोटात लाखो अंडी असलेली.

मी सगळं सांगितलं, एक वाक्य न गाळता. मावशींनी माशाच्या पोटावरून हात फिरवला. मग म्हणाल्या की मोठ्या जिताड्यात गाबोळी असते हे आम्हाला पोरीबाळींनाही ठाऊक, पण तो आधी बाप्या होता हे आज कळलं. आणि हसू लागल्या. क्रेगने मासा पाण्यात धरून ठेवला, त्याची शेपटी हलली, आणि मावशी म्हणाल्या, "जा बाय."

दुपारी ऊन इतकं असतं की कुणी बाहेर पडत नाही. आम्ही दोघी खोलीत पंख्याखाली पडलो होतो. मी सहज म्हटलं, मावशी, संदेश नेहमी सांगतो की आईचा छोटा बिझनेस होता. कसला होता हो?

त्या छताकडे बघत म्हणाल्या, पेणच्या बाजारात बसायची मी, म्हावरा विकायला.

मालक, म्हणजे संदेशचे वडील, मिठागरात कामाला होते. संदेश दुसरीत असताना ते गेले. त्यानंतर पहाटे खाडीवरून मासळी उचलायची, डोक्यावर पाटी, बाजारात दुपारपर्यंत. फी, पुस्तकं, इंजिनिअरिंग, इथलं पहिलं तिकीट, सगळं त्या पाटीतून निघालं. त्या हे असं सांगत होत्या, जसं कुणी भात कसा लावतात ते सांगावं.

मग म्हणाल्या, त्याला लाज वाटते, मला म्हायती हाय. वर्गातली पोरं त्याच्या शेजारी बसायची नाहीत, वास येतो म्हणून. एक दिवस मी घरी आले तर त्याने शाळेचा शर्ट दगडावर घासून घासून फाडला होता. काय बोलणार? वास तर येतच होता. लेकरानं तेव्हा सोसलंय, आता कुणाला बिझनेस सांगतो तर सांगू दे.

कूस बदलून त्या झोपून गेल्या. मला मात्र झोप लागली नाही. सहा वर्षं शेजारी राहून मी संदेशला फक्त त्याच्या स्वच्छ शर्टांवरून चिडवत आले होते.

संध्याकाळी संदेशने बेताचा एक मासा धरला, ठेवण्याजोगा. नदीकाठी मासे साफ करायचं स्टीलचं टेबल होतं. क्रेगने सुरी चालवून दोन्ही बाजूंचं मांस काढलं आणि डोकं-काटा बादलीत टाकला. मावशी पुढे झाल्या, त्यांनी बादलीतून डोकं काढलं आणि क्रेगकडे असं बघितलं की त्याने स्वतःहून सुरी त्यांच्या हातात दिली.

मग जे झालं ते पाहायला ते चारही म्हातारे बिअरचे डबे घेऊन गोळा झाले. खवले, कल्ले, आतला कडवट भाग, डोक्याचे दोन सारखे भाग. सुरी कुठे थांबली नाही, रक्ताचा थेंब वाया गेला नाही. दुसऱ्या कुणाचा अख्खा मासा पडला होता, तोही त्यांनी पुढ्यात ओढला आणि एकसारख्या तुकड्या पाडल्या. क्रेग म्हणाला, मी अठ्ठावीस वर्षं हे करतोय. मग संदेशकडे वळून त्याने विचारलं की तुझी आई हे कुठे शिकली?

मावशींना शब्द कळले नसतील, पण प्रश्न कळला. वर न बघता त्या मला मराठीत म्हणाल्या, "सांग त्याला, घरीच शिकले."

मी तोंड उघडणार तोच संदेश म्हणाला, "नो." आणि इंग्रजीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगत गेला. की ती मासे विकायची. बाजारात, जमिनीवर बसून, तीस वर्षं. की बाबा गेल्यावर तिने एकटीने मला शिकवलं. की मी हे इथे कधीच कुणाला सांगितलं नाही.

म्हाताऱ्यांपैकी एकाने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. मावशी मला विचारत होत्या, काय बोलला तो? मी सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांची सुरी थांबली. माशाने भरलेला हात उलटा करून त्यांनी मनगटाने डोळे पुसले, आणि संदेशला म्हणाल्या की उगाच उभा राहू नको, चिंच भिजत घाल.

त्या रात्रीच्या जेवणाला जॅकीने अर्धी शेगडी मावशींना देऊन टाकली. पिशवीतून घरचा मसाला, तांदळाचं पीठ, लसूण, सगळं निघालं. तळलेल्या तुकड्या म्हाताऱ्यांनी आणि आम्ही मिळून संपवल्या. डोक्याचं कालवण फक्त तिघांनी खाल्लं, मावशी, क्रेग आणि संदेश. क्रेगच्या कपाळावरून घाम वाहत होता, तरी त्याने पुन्हा वाढून घेतलं. संदेश हाताने जेवत होता, डोळ्याच्या मागचा तो मऊ भाग बोटाने काढून चोखत. मावशींनी स्वतःच्या ताटातल्या डोळ्यामागचा भागही त्याच्या ताटात ठेवला. मी पहिल्यांदाच नदीतून थेट ताटात आलेला जिताडा खाल्ला. पुणेकराला परवडणार नाही अशी सवय लागली, एवढंच सांगते.

जुलैमध्ये मावशी परत गेल्या. व्हिसा वाढवता आला असता, संदेशने फॉर्मही भरून ठेवला होता, पण त्यांनी थंडीचं निमित्त काढलं. आता शनिवारी कुंपणाकडून हाक येत नाही. शेगडीवर मी एकदा स्वतः कालवण करून पाहिलं. अमितने चांगलं झालंय म्हटलं, त्यावरूनच काय ते कळलं. पेणला त्या पुन्हा आठवड्यातून दोन दिवस बाजारात बसू लागल्या आहेत. करमत नाही म्हणतात. संदेशने यावेळी नको म्हटलं नाही.

पण मावशी म्हटलं की मला लॉजहून निघालो ती सकाळ आठवते. वैमानिकाने त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं होतं. अंबाड्यावर हेडफोन नीट बसेना, म्हणून त्यांनी तो पदराने बांधून टाकला. विमान वर चढलं, आणि खाली नदीचे फाटे दिसू लागले, चिखल, खाजण, ओहोटीचं चमकणारं पाणी. हेडफोनमध्ये सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं हे मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. त्या आपल्या बोलीत बोलू लागल्या. ती बघ आपल्यासारखी खाडी, तिथे तोंडाशी जाळं लावलं असतं, त्या वळणावर भरतीला मासा येणार.

आणि संदेशने उत्तर दिलं. त्याच बोलीत. इतक्या वर्षांत मी त्याला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आधी एखाद-दुसरा शब्द, चाचपडत, मग भराभर. तो म्हणत होता, तिथे नाही, अलीकडच्या फाट्यावर. ती म्हणत होती, तुला काय कळतं. मायलेकरं एका पाण्यावरून भांडत होती. मला निम्मं कळलं नाही. अमितने माझ्याकडे बघितलं, वैमानिक पुढे बघून हसत होता, आणि डार्विन येईपर्यंत आमच्या तिघांपैकी कुणी मधे बोललं नाही.