कानसेनांना ऐकू न आलेली बीप

दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नव्हती. शिंप्याचं दुकान आणि वह्यापेनांचं दुकान यांच्या मधोमध, जिन्याखाली अंग चोरून बसलेलं ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान ‘कानसेनांचं’ म्हणूनच ओळखलं जाई.

नाव पडलं होतं ते कामावरूनच. तरुणपणी ते रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हापासून कान तयार झालेला. कॉम्प्युटर आणून ठेवला की आधी चालू करायचे, डब्यावर हात ठेवायचे, मान जरा तिरकी करायचे आणि उघडायच्या आधीच सांगायचे, “पंख्यात धूळ अडकलीय,” नाहीतर, “डिस्क खरवडतेय, आजच्या आज फाइली काढून घ्या.” दहापैकी नऊ वेळा तेच निघायचं. एका गिऱ्हाइकाने थट्टेत कानसेन म्हटलं, आणि ते नाव त्यांना कायमचं चिकटलं.

साठी उलटल्यावर मात्र गोष्टी हळूहळू बिघडत गेल्या. बायकोने दोनदा हाक मारल्याशिवाय ते वळून बघेनात. फोनवर समोरच्याला “काय?” असं तीनतीनदा विचारू लागले. बायको म्हणायची, “कान दाखवून घ्या एकदा.” ते म्हणायचे, “कानाला काय धाड भरलीय? हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात.” विषय तिथेच मिटायचा. पंख्याची घरघर त्यांना अजून नीट ऐकू यायची, म्हणून त्यांनी स्वतःचीही समजूत घातली होती. गेले होते ते बारीक, टोकदार आवाज. आणि जे ऐकूच येत नाही ते गेलंय, हे माणसाला कळणार तरी कसं?

अशात एक दिवस ऑपरेटरबाईंचा निरोप आला.

ऑपरेटरबाई जन्मापासून दृष्टिहीन. इस्पितळाच्या टेलिफोनवर त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर त्या घरी बसून डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेले अहवाल टाइप करून द्यायच्या. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. त्यातल्या पुरुषी, जराशा सर्दी झाल्यासारख्या आवाजाशी त्यांची इतकी वर्षं संगत होती की भाचीने दिलेला नवा लॅपटॉप त्यांनी एकदा ऐकून परत खोक्यात ठेवून दिला होता. “नवा चांगला आहे गं, पण फार भरभर बोलतो,” असं त्या म्हणायच्या.

कानसेन हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. सगळं भिंतीला धरून, मधली वाट मोकळी. बाईंनी अचूक त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

“काय होतंय त्याला?”

“आवाज करतो, पण बोलत नाही,” बाई म्हणाल्या.

पंख्याचा आवाज म्हणत असतील, असं समजून कानसेन कामाला लागले. डबा उघडला. धूळ ब्रशने झाडली. आतल्या वायरी एकेक करून काढून पुन्हा घट्ट बसवल्या. वीज पुरवणारा डबा बदलून सोबत आणलेला लावून पाहिला. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबराने घासली, परत बसवली. पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागत होता, पण पडदा काळाच.

शेवटी त्यांनी नेहमीची परीक्षा घेतली. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढून ठेवल्या आणि कॉम्प्युटर चालू केला. मुख्य बोर्ड जिवंत असेल तर मेमरी नाही म्हणून तो बीप देऊन तक्रार करतो. गप्प राहिला तर समजायचं, बोर्डच गेला. कानसेनांनी मान तिरकी केली. पंख्याच्या घरघरीपलीकडे काही नव्हतं.

“बाई, वाईट वाटतं सांगायला,” ते म्हणाले. “बोर्ड गेला. याच्यात आता जीव नाही.”

बाई खुर्चीवर हलल्या. “मग मघापासून ओरडतंय कोण?”

“कोण ओरडतंय?”

“हा तुमच्यासमोरचा. एक लांब, मग थांबतो, परत एक लांब. आता बघा... हा. आणि हा.” त्यांनी बोटाने हवेत ठेका धरला. “तुम्ही आल्यापासून ओरडतोय. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

कानसेनांचा हात डब्यावरच राहिला. त्यांच्या तोंडावर उत्तर तयार होतं: त्या आवाजाला काही अर्थ नसतो, बाई. म्हटलं असतं तरी कुणाला कळणार होतं? पण त्याच वेळी त्यांना झेरॉक्सवाला आठवला. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या कॉम्प्युटरची त्यांनी हीच परीक्षा घेतली होती. अशीच मान तिरकी केली होती आणि म्हणाले होते, बोर्ड गेला. त्याने त्यांच्या शब्दावर तो डिस्कसकट भंगारात घातला. त्याच्याआधी एक शिक्षिका होती. आणखी कोण कोण होतं ते त्यांना भराभर आठवेना, आणि आठवायची भीतीही वाटत होती.

ते खुर्चीवर बसले.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. बायकोलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

बाईंनी हळहळ व्यक्त केली नाही. कुणाच्या उणिवेवर हळहळायचं नसतं हे त्यांना चांगलं ठाऊक असावं. “बरं,” त्या म्हणाल्या. “मग मी मोजते, तुम्ही हात चालवा. काय ऐकायचं तेवढं सांगा.”

“लांब आवाज म्हणजे मेमरीची तक्रार. एकच आखूड आला तर सगळं ठीक.”

त्यांनी एक पट्टी पहिल्या खाचेत बसवून बटण दाबलं. “लांबच आहे,” बाई म्हणाल्या. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. “लांब.” मग ती बाजूला ठेवून दुसरी पट्टी घेतली, पहिल्या खाचेत घातली. दोघंही थांबले. बाईंनी मान तिरकी केली, अगदी कानसेन करायचे तशी.

“आखूड. एकच.”

एक पट्टी मेली होती, बाकी सगळं धडधाकट होतं. मिनिटभराने स्पीकरमधून तो सर्दी झालेला आवाज आला आणि फाइलींची नावं एकेक करून वाचू लागला. तो कानसेनांनाही ऐकू आला. बाईंनी कीबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आला बाई घरी.”

निघताना कानसेन दारात घोटाळले. “बाई, मी या अवस्थेत काम करावं का?”

“माझे डोळे नाहीत म्हणून मी काम सोडलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण दिसतंय असं कुणाला सांगितलंही नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो मशीनमध्ये कागद भरत होता. कानसेनांनी आढेवेढे न घेता सांगितलं, “तुमचा कॉम्प्युटर बहुतेक चांगला होता. माझ्या कानांनी चुकीचं सांगितलं.” तो कागद भरायचा थांबला. “मुलीचे लहानपणचे फोटो होते हो त्यात,” एवढंच म्हणाला. डिस्क कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. कानसेनांनी सगळ्या भंगारवाल्यांकडे दोन दिवस शोधली, सापडली नाही. तो वाईट काही बोलला नाही, पण पुढे वर्षभर दुकानाची पायरी चढला नाही. शिक्षिकेने मात्र आपला कॉम्प्युटर माळ्यावर टाकून ठेवला होता. तो कानसेनांनी स्वतः खाली उतरवला आणि चालू करून दिला.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. “दोन वर्षं हेच सांगतेय मी,” ती म्हणाली. “तेव्हा तेही ऐकू आलं नाही वाटतं?” मग पुढच्याच आठवड्यात ती त्यांना तपासणीला घेऊन गेली.

कानातलं यंत्र त्यांना पहिले काही दिवस सोसेना. कागद चुरगळला तरी दचकायचे, शिंप्याच्या कात्रीलाही वैतागायचे. त्या यंत्रावरही पूर्ण भिस्त ठेवायची नाही असं त्यांनी ठरवलं. बोर्डावर जिथे बीपची वायर लागते तिथे जोडता येईल असा एक बारीक लाल दिवा त्यांनी तारा झाळून तयार केला. बीप वाजली की दिवा लुकलुकायचा. लांब, आखूड, सगळं डोळ्यांनी मोजता यायचं.

आणखी एक सवय त्यांनी लावून घेतली. कॉम्प्युटर आला की डब्यावर हात ठेवायच्या आधी ते गिऱ्हाइकाला बसवून विचारतात, “बिघडला तेव्हा तुम्हाला काय काय ऐकू आलं?” आणि जे सांगितलं जाईल ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतात. परवा एक आजी म्हणाल्या, “बदकाचा गळा धरल्यासारखं काहीतरी करतो.” कानसेनांनी तेही लिहून घेतलं, मग लाल दिवा जोडला आणि पेचकस उचलला.