विसावी बाई

माझ्या नाकावर राग असतो, हे माझ्या हाताखालच्या तिन्ही इन्स्पेक्टरांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी कलकत्त्याला बदलून गेलो तेव्हा कंत्राटी मजुरांचा कायदा नवा कोरा होता, आणि आम्ही केंद्राच्या कामगार खात्यातली माणसं तो पुस्तकात बोट घालूनच चालवत होतो. इन्स्पेक्टर गोदीत, रेल्वेच्या यार्डात जाऊन तपासणी करत. त्यांचा अहवाल वाचायचा, आणि खटला भरायचा की फाइल बंद करायची हे ठरवायचं, हे माझं काम. सही माझी असे, त्यामुळे चूकही माझीच असे. हे मला त्या गावात शिकायला मिळालं.

नव्या नियमांत एक नियम असा होता की कंत्राटदाराकडे वीस किंवा जास्त बायका कामाला असतील तर त्यांच्या लहान मुलांसाठी त्याने दोन खोल्या बांधून द्यायच्या. गोदीच्या मागे मालगाड्यांतून खनिज उतरवून घेणारा एक कंत्राटदार होता. त्याच्या मस्टरवर बायका नेहमी एकोणीस. पावसाळ्यात एकोणीस, हिवाळ्यात एकोणीस. एखादी बाळंतपणाला गेली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस. मला त्या आकड्याची चीड येऊ लागली.

एकदा मी स्वतः तिथे गेलो होतो. रुळांच्या कडेला एका खांबाला दीड-दोन वर्षांची पोर जुन्या लुगड्याच्या पट्टीने कमरेला बांधून ठेवलेली. पट्टी हातभर लांब. तेवढ्या रिंगणात ती लाल धुळीत खेळत होती आणि चार पावलांवरून मालगाडीच्या वाघिणी पुढेमागे ढकलल्या जात होत्या. तिची आई डोक्यावर टोपली घेऊन येता-जाता तिच्याकडे एक नजर टाकत होती. बिहारकडची, काटकुळी, पंचविशीच्या आतलीच असेल. मी त्या रात्री नीट जेवलो नाही, आणि दोन खोल्या तिथे उभ्या केल्याशिवाय कलकत्ता सोडायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं.

तपासणीला मी माझा सर्वांत ज्येष्ठ इन्स्पेक्टर पाठवला. बंगाली गृहस्थ, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणत असे. अक्षर मोत्यासारखं, छत्री बारमाही. मी बजावलं होतं की आधी कळवायचं नाही आणि कंत्राटदाराच्या पंख्याखाली बसून चहा घ्यायचा नाही. दादांनी दोन्ही पाळलं. सकाळीच थेट रुळांवर गेले आणि बायका मोजल्या. भरल्या सव्वीस.

कंत्राटदाराचं उत्तर तयार होतं. म्हणे, वरच्या सात जणी मजूर नाहीतच, नवऱ्यांचं जेवण घेऊन आलेल्या आहेत. पण त्या सातही जणींकडे कामावरचे पितळी बिल्ले होते. बिल्ल्यावर नुसता नंबर, आणि मस्टरवर त्या नंबरासमोर पुरुषाचं नाव. दादांनी एकेकीला समोर उभं करून विचारलं, "या नंबरावर नाव काय लिहिलंय?" एकीनेही तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहत राहिल्या. दादांनी त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं: ‘सदर स्त्रियांना आपापल्या बिल्ल्यावरील नाव सांगता आले नाही, सबब बिल्ले त्यांचे नाहीत व त्या मजूर नाहीत.’

मी ते वाचलं, चरफडलो, आणि पुराव्यापुढे इलाज नाही म्हणून खाली सही ठोकली.

चौथ्या दिवशी ती पोरीची आई आमच्या ऑफिसात आली. पोर कडेवर. कंत्राटदाराने आमच्याच अहवालाची नक्कल दाखवून त्या सातजणींना फाटकाबाहेर काढलं होतं. सरकारच म्हणतंय तुम्ही मजूर नाही, मग इथे काय काम? खोली राहिली बाजूला, होती ती मजुरीही गेली.

"हुजूर, काम तो हम करते हैं," ती म्हणाली. "तीन साल से."

"मग नाव का नाही सांगितलंस?" मी हिंदीत ओरडलोच.

"वो हमारा नाम नहीं था."

"कोणाचं होतं मग?"

ती गप्प. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं. तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली पाहत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मदत करायला बसलेल्या माणसाला साधं उत्तर देता येत नाही? "उद्या ये," म्हणून मी तिला वाटेला लावलं. आजही तो प्रसंग आठवला की मला माझी लाज वाटते.

घरी गेल्यावर मी सगळा राग बायकोसमोर ओकला. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, ती कशी सांगेल? तिच्या नवऱ्याचं नाव असणार ते."

तिने भाजीची जुडी बाजूला ठेवली.

"मागल्या महिन्यात रेशनच्या ऑफिसात मला त्या कारकुनाने विचारलं, कार्ड कोणाच्या नावावर. मी कागद मागून घेतला आणि तुमचं नाव लिहून दिलं. तो हसला. मला लिहिता येतं म्हणून सुटले. तिने काय करायचं?"

कोणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि माझ्या बायकोने लग्नातल्या उखाण्यानंतर माझं नाव कधी उच्चारलेलं मला आठवत नव्हतं. दादांच्या घरीही तेच असणार. दोन शिकलेले, संसारी पुरुष, कायद्याचे जाणकार, आणि सात बायकांच्या गप्प राहण्याचा अर्थ आम्ही लावला तो असा.

सकाळी मी माझी सही असलेला अहवाल मागे घेतला. आमच्या खात्यात असं कोणी करत नसे. दादांचा चेहरा उतरला. "सर, माझ्या नोकरीत माझा अहवाल कधी परत आलेला नाही."

"दादा, परत आलाय तो माझा. वहिनी तुम्हाला हाक कशी मारतात?"

"ओगो", म्हणजे आपलं "अहो", असं ते पुटपुटले, छत्री उचलली आणि निघाले. त्यानंतर त्या माणसाने जे काम केलं त्याला तोड नाही. पोरीच्या आईकडून नवरा हावड्याच्या कुठल्या तागाच्या गिरणीत आहे एवढं काढून घेतलं, लाँचने हुगळी ओलांडून तीन दिवस त्या गिरणीच्या टाइम ऑफिसात ठाण मांडलं, आणि हजेरीचा उतारा घेऊनच परतले. तपासणीच्या दिवशी, नेमक्या त्याच वेळी, तो माणूस हावड्यात यंत्रमागावर उभा होता. गोदीच्या मस्टरवरही तो हजर. मग इथे त्याच्या नावावर टोपल्या कोण वाहत होतं? मी खटला भरला.

नवरा साक्षीला येईना. दोन ठिकाणी नोकरी केल्याचा आळ येऊन गिरणीतून हाकलतील, ही त्याची भीती. बाकीच्या सहाजणी तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. म्हणून साक्षीला तीच उभी राहिली. तिची साक्ष टिकली तर सातजणी परत कामावर आणि मुलांना खोल्या. नाही टिकली तर काहीच नाही. मी तिच्यापासून हे लपवून ठेवलं नाही.

कोर्टात कंत्राटदाराचा वकील गोड आवाजात म्हणाला, एका नावाची दोन माणसं असू शकतात. गिरणीतला माणूस वेगळा, आमचा मजूर वेगळा. ही बाई कोणाची बायको, हेच मुळी सिद्ध नाही. मग तिच्याकडे वळला. "तुझ्या नवऱ्याचं नाव सांग."

त्याला ठाऊक होतं. आम्हा दोघांना जे उशिरा कळलं ते त्याला आधीपासून ठाऊक होतं. मी तिला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की नाव घ्यायची वेळ आली तर मान हलव, दुसरं कोणी नाव उच्चारेल, मी न्यायाधीशांना विनंती करीन. त्याप्रमाणे मी उठलो. तिने पिंजऱ्यातूनच हात वर करून मला थांबवलं.

तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याचं नाव घेतलं. मी ते इथे लिहिणार नाही. ते घ्यायचं की नाही हे तिने ठरवलं होतं, मी कोण लागून गेलो!

"ऐकू आलं नाही," वकील म्हणाला.

तिने पुन्हा घेतलं, त्याच्या बापाच्या नावासकट, गावासकट. गिरणीच्या उताऱ्यावरही तोच बाप, तेच गाव होतं. आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. मग कोणी न विचारता स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "नाम उनका लिखा है, हुजूर. टोकरी हमारे माथे पर है." माझ्या शेजारी दादांनी चष्मा काढून पुसायला घेतला. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

जेवणाच्या सुट्टीत वकील व्हरांड्यात आला. त्याचा अशील गुन्हा कबूल करायला तयार होता. सातही जणींना त्यांच्या स्वतःच्या नावाने मस्टरवर घेणार होता, खोल्याही बांधणार होता. मी जिन्याकडे धावलो. ती पायरीवर बसली होती, पोर मांडीवर झोपलेली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मी शाबासकी देऊ लागलो. तू फार मोठं काम केलंस, खटला जिंकल्यातच जमा आहे, असं बरंच काही बोललो.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "कमरा कब बनेगा, हुजूर?"