उशाखालची अळंबीची भुकटी

सासूबाईंची तिसरी केमो डॉक्टरांनी पुढं ढकलली, तेव्हा काळजी वाटायच्या आधी मला हायसं वाटलं. आज रात्रभर उलटीचं घमेलं घेऊन बसायचं नाही, एवढंच मनात आलं. नंतर त्याची लाज वाटली.

रक्ताच्या रिपोर्टात लिव्हरचे आकडे वाढलेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुसरं काही औषध घेता का?"

मीच "नाही" म्हणाले. गोळ्या सगळ्या माझ्याच हातून जात होत्या. पण सासूबाई पदराचं टोक चाचपत म्हणाल्या, "भुकटी घेते. दुधातून."

भुकटी मामांनी आणली होती. मामा म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, वैजापूरकडं कांदा करतात. औषधी अळंबीनं कॅन्सरच्या पेशंटला ताकद येते, असा व्हिडिओ कुणीतरी त्यांच्या मोबाइलवर पाठवला होता. त्यांनी डबा मागवला आणि भेटायला आले तेव्हा बहिणीच्या उशाखाली ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी मी तो डबा डॉक्टरांकडं नेला. सासूबाईही सोबत होत्या. डॉक्टरांनी लेबल दोनदा वाचलं.

"अळंबीतल्या काही घटकांवर अभ्यास चालू आहेत," ते म्हणाले. "काही देशांत मूळ उपचाराच्या जोडीला देतातसुद्धा. पण या डब्यात नेमकं काय आहे, किती आहे, ते मला कळत नाही. लिव्हर केमोनं बिघडलं की यानं, तेही सांगता येणार नाही. सध्या बंद करा. आणि पुढं काही घ्यायचं झालं तर आधी मला विचारा."

मुकुंदवाडीला घरी परतताना रिक्षात मी विचारलं, "आई, मला का नाही सांगितलं?"

"तू बंद केली असतीस."

"एवढा विश्वास बसला होता त्या भुकटीवर?"

"विश्वास कशाचा. लई कडू लागायची. पण त्यो डोळ्यांत पाणी आणून बसला व्हता. म्हणलं, त्याला तेवढंच बरं वाटंल."

 मी केलेली पेजही त्या अशाच, माझ्या समाधानासाठी, दोन घोट घेत असाव्यात.

संध्याकाळी मामांना फोन करून सगळं सांगितलं.

"माझ्यामुळं झालं का गं, सूनबाई?"

"डॉक्टरांनाही माहीत नाही, मामा."

"मग मी आता काय करू?"

मला उभं राहायचंसुद्धा त्राण नव्हतं. फार विचार न करता म्हणाले, "पुढच्या केमोला तुम्ही घेऊन जा त्यांना."

दोन आठवड्यांनी आकडे उतरले. कशानं उतरले ते कळलं नाही. केमोच्या दिवशी मामा पहिल्या एसटीनं आले. कुठल्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा, ते मी लिहून दिलं. मी शिकवते त्या शाळेत त्या दिवसाची रजा आधीच टाकली होती. दोघांना रिक्षात बसवलं आणि घरात येऊन आडवी झाले.

दुपारी मामांचा फोन आला. "तिला भूक लागलीय. कँटीनची इडली चालंल का?"

"चालेल," म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.